नकट्याचे लग्न

मराठी भाषेने नाकाचे जेवढे लाड केले आहेत तेवढे दुसऱ्या कुठल्या अवयवाचे केले असतील असे मला वाटत नाही. आपण नाक मुरडतो, नाक घासतो, नाक मुठीत धरतो. नाकाने कांदे सोलतो आणि दुसऱ्याच्या नाकावर टिच्चून हवे ते करतो. सज्जन माणूस नाकासमोर चालतो, संसार करता करता बाईच्या नाकी नऊ येतात, आणि कोणी फारच डोईजड झाले की नाकापेक्षा मोती जड म्हणून आपण मोकळे होतो. वीस वर्षे मी हे वाक्प्रचार आणि या म्हणी वर्गात शिकवीत आले आहे. त्यांतले एकही नाक श्वास घेत नाही, ही गोष्ट मात्र माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. ती ध्यानात आणून दिली आमच्या बाळकरामाने. आणि त्याला तर नाक जवळजवळ नाहीच.

बाळकराम हा पग जातीचा कुत्रा. २०२१ सालच्या दिवाळीत तो आमच्या सोलापूरच्या घरी आला. मुलीने सहा महिने हट्ट धरला होता, आणि दहावीला चांगले गुण मिळवून तिने आम्हाला शब्दात पकडले. पुण्याहून पिल्लू आणले. त्याची किंमत मी येथे सांगत नाही, कारण आमच्या सासूबाई हा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मुलीला त्याचे नाव एखाद्या बिस्किटावरून ठेवायचे होते. पण तो कपाळावरच्या आठ्या, ते टपोरे डोळे आणि जगाची सारी चिंता वाहणारे ते काळे तोंड घेऊन समोर बसला की पाहणाऱ्याला हसू आवरत नसे. गडकऱ्यांनी विनोदी लेखनासाठी घेतलेले 'बाळकराम' हे नाव मला त्या क्षणी सुचले आणि मी ते घरावर लादले. शिक्षकीचा एवढा फायदा तरी व्हायला हवा!

रंग फिकट बदामी, शेपटी जिलबीसारखी वळून पाठीवर बसलेली, अंग मुटकुळ्यासारखे. स्वभाव तर विचारूच नका. भुंकणे बेताचे, चावणे ठाऊकच नाही. माणूस ज्या खोलीत जाईल त्या खोलीत मागोमाग यायचे, एवढाच त्याचा धर्म. आणि तो घोरत असे. एवढासा जीव, पण रात्री दिवाणखान्यातून असा आवाज येई की पाहुण्यांना वाटावे, आत कोणी निवृत्त फौजदार झोपले आहेत. मुलीने तो आवाज फोनवर टिपून साऱ्या नातेवाइकांना पाठवला. सगळे पोट धरधरून हसले.

हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. आमच्या सासऱ्यांना दमा होता. वीस-बावीस वर्षे त्यांनी नवऱ्याच्या उशाशी बसून रात्री काढल्या होत्या. एके दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्या मला म्हणाल्या, "अगं, हा घोरत नाही. हा रात्रभर श्वास शोधतो."

मी म्हटले, "आई, या जातीची कुत्री अशीच असतात."

हे वाक्य मी पुढे दीड वर्ष अनेकांना ऐकवले. त्यात मी एकटी नव्हते, हे नंतर कळले. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. श्वसनमार्गात अडथळा असल्याचे तपासणीत ठरलेल्या आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी विचारले, "तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे का?" शंभरातल्या ५८ जणांनी 'नाही' असे उत्तर दिले. कुत्रे घोरते, धापा टाकते, थोडे चालून बसकण मारते, हे याच मालकांनी स्वतः सांगितले होते. पण तो त्रास आहे असे त्यांना वाटत नव्हते. जातच अशी, मग त्रास कसला?

दुसरी सूचना मला एका धनगराने दिली. विजापूर रस्त्याच्या अंगाला आमची कॉलनी आहे. सकाळी फिरताना कधी कधी मेंढरांचे कळप आडवे येतात. एका कळपाबरोबर कारवानी जातीचे कुत्रे होते: उंच, सडपातळ, तोंड चांगले वीतभर लांब आणि निमुळते. आपल्या दख्खनच्या या लांब नाकाच्या कुत्र्यांना कोणी पेढे वाटून घरी आणत नाही. मुधोळ हाउंडच्या नावाने २००५ साली भारतीय डाक खात्याने तिकीट काढले, हाच त्यांचा काय तो सन्मान. त्या धनगराने आमच्या बाळकरामाला नीट न्याहाळले आणि अगदी मनापासून विचारले, "बाई, ह्याचं नाक कुठं पडलं?"

तेव्हाही मी हसलेच.

पुढच्या मे महिन्यात, म्हणजे २०२३ साली, हसणे संपले. सोलापूरचा मे कसा असतो हे सोलापूरकरांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून खरे वाटणार नाही. रविवार होता. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, ऊन उतरले होते, निदान आम्हाला तसे वाटत होते. मुलीने अंगणात चेंडू टाकला, बाळकराम धावला. पुन्हा टाकला, पुन्हा धावला. दहा मिनिटेही झाली नसतील. तो मधेच थांबला आणि पाय फाकून उभा राहिला. घशातून करवतीसारखा आवाज येऊ लागला, तोंडातून चिकट फेस गळू लागला. जीभ पाहिली तर जांभळी! आणि मग तो आडवाच झाला.

ह्यांनी धावत जाऊन ओला टॉवेल आणला आणि त्याच्यावर टाकला. मुलीने रडत रडत डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर पलीकडून ओरडलेच, "टॉवेल काढा आधी! वाफ अडते त्यात. सावलीत घ्या, नळाचे पाणी सारखे अंगावर ओता, पंखा लावा. गार झाला की मग गाडीत घाला." आम्ही तसे केले. दवाखान्यात पोचलो तेव्हा, एवढे पाणी ओतूनही, त्याचा ताप १०६ अंश फॅरनहाइट होता. निरोगी कुत्र्याचा तो १०१ ते १०२.५ च्या आसपास असतो. दोन दिवस सलाइनवर राहून बाळकराम वाचला. त्याच्यासारखी पुष्कळ कुत्री वाचत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले.

त्या दोन दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून मी जे शिकले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तळपायांच्या गाद्यांना थोडासा येतो. पण तेवढ्याने शरीर थंड होत नाही. कुत्रे थंड होते ते धापा टाकून. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर ओलसर अस्तर असते. त्यावरून आणि ओल्या जिभेवरून वारा गेला की पाण्याची वाफ होते आणि रक्त गार होते. उन्हाळ्यात आपण खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावतो, तोच प्रकार. धनगराच्या कुत्र्याच्या त्या वीतभर नाकात हा पडदा ऐसपैस पसरलेला असतो. आमच्या बाळकरामाच्या तोंडात त्याला जागाच नाही.

माणसाने पगाच्या तोंडाचे हाड आखूड केले. पण त्या हाडात बसणारे मांस त्या मानाने आखूड झाले नाही. मोठ्या ट्रंकेतले सामान लहान पिशवीत कोंबावे तसे ते सारे आत दाटून बसले आहे. नाकपुड्या म्हणजे दोन फटी. त्यांच्या मागे नाकातल्या त्या गुंडाळ्या एकमेकींना चिकटलेल्या. त्याच्या मागे टाळूचा मऊ पडदा इतका लांब की श्वास घेताना तो कंठाच्या तोंडावर येऊन फडफडतो. ज्याला आम्ही घोरणे म्हणत होतो तो त्या पडद्याचा आवाज. जीभ जाड. अशा वाटेने हवा ओढायची म्हणजे जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षे जोर लावून कंठाजवळचे मऊ भाग आत खेचले जातात आणि वाट आणखी अरुंद होते. छातीत पडणाऱ्या या ओढीने पोटातले वर येते, म्हणून अशी पुष्कळ कुत्री खाल्लेले किंवा पांढरा फेस ओकतात. आणि उन्हाळ्यात गार होण्यासाठी धापा टाकायच्या, तर त्या धापांचे कष्टच इतके की त्यांनीच अंग तापते.

डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला तेव्हा मात्र माझ्या पोटात कालवले. म्हणाले, "झोपताना हनुवटी कशावर टेकवतो का हा?"

टेकवत होता. सासूबाई देवघरात ज्या पाटावर बसतात, त्या पाटाच्या कडेवर मान ठेवून तो झोपे. कधी तोंडात चेंडू धरून झोपे. आमच्याकडे त्याची छायाचित्रे आहेत. देवभक्त बाळकराम म्हणून आम्ही ती मित्रमंडळींना दाखवली होती. डॉक्टर म्हणाले, मान उंच राहिली किंवा तोंड उघडे राहिले की घसा मोकळा राहतो. मान खाली पडली की श्वास बंद होतो आणि तो दचकून जागा होतो. गाढ झोप म्हणजे काय हे अशा कुत्र्यांतल्या कित्येकांना ठाऊकच नसते. देवभक्ती नव्हती ती. बिचाऱ्याने स्वतःपुरता एक उपाय शोधून काढला होता.

हे तोंड असे मुळात नव्हते, हे सांगितले पाहिजे. पग मूळचा चीनमधला. तेथे तो राजदरबारात मांडीवर बसणारा कुत्रा होता. सोळाव्या शतकात डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो युरोपात गेला. स्पॅनिश सैन्याने १५७२ साली रात्री छापा घातला तेव्हा ऑरेंजच्या विल्यमला त्याच्या पगाने जागे करून वाचवले, अशी कथा सांगतात. पुढे त्याच घराण्यातला तिसरा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पग इंग्रजी दिवाणखान्यात शिरला. विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७४५ साली स्वतःचे चित्र पुरे केले, त्यात त्याचा लाडका पग 'ट्रम्प' शेजारी बसलेला आहे. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे आणि त्याची प्रतिमा कोणालाही घरबसल्या पाहता येते. मी ती बाळकरामाला शेजारी बसवून पाहिली. ट्रम्पला पाय आहेत, मान आहे, आणि पुढे आलेले, सरळ श्वास घेणारे तोंड आहे. दोघे एका जातीचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

मधल्या काळात घडले ते असे. इंग्लंडमध्ये १८७३ साली केनेल क्लब निघाला, कुत्र्यांची प्रदर्शने भरू लागली, प्रत्येक जातीची लक्षणे कागदावर उतरली. पगाचे तोंड आखूड व चौकोनी असावे असे ठरले. मग जे आखूड ते चांगले, जे अधिक आखूड ते अधिक चांगले, असा हिशेब सुरू झाला. पदक मिळवणाऱ्या नराचीच पिल्ले सर्वांना हवीत, म्हणून तोच नर भाच्या-पुतण्यांशी, वेळ पडली तर लेकींशीही जुळवला जाऊ लागला. आपल्याकडे सगोत्र स्थळ नको म्हणून जमलेली लग्ने मोडतात. तिकडे 'शुद्ध रक्त' म्हणजे सगोत्राचीच परंपरा! पगांमध्ये मेंदूला सूज आणणारा एक भयंकर आजार आढळतो. ऐन तारुण्यात कुत्र्याला झटके येऊ लागतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सारे संपते. तो रक्तातून पिढ्यान्पिढ्या उतरतो हे संशोधनात दिसून आले आहे. आमच्या घरी तो आला नाही, एवढेच.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पग पूर्वीही असतील. पण तो घरोघर माहीत झाला तो २००३ साली. 'हच' या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे एक पग जातो. तेवढीच ती जाहिरात. ती सुंदर होती यात शंका नाही, मी स्वतः ती पाहून विरघळले होते. लोक पग हा शब्द विसरले आणि दुकानात जाऊन 'हचवाला कुत्रा' मागू लागले. त्या मुलाबरोबर तो कुत्रा किती वेळ चालू शकला असता, आणि कुठल्या महिन्यात, हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला सुचला नाही. परदेशातून विक्रीच्या पैदाशीसाठी कुत्री आणण्यावर सरकारने २०१६ साली बंदी घातली. पण तोवर पग येथलाच झाला होता.

'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' अशी आपली एक म्हण आहे. सतराशे म्हणजे अतिशयोक्ती असे मी मुलांना सांगते. पगाच्या बाबतीत मात्र मोजायला बसावेसे वाटते. तोंड आखूड झाले म्हणून डोळ्यांच्या खोबणी उथळ झाल्या. डोळे बाहेर आले, पापण्या पुऱ्या मिटेनात. मग डोळा कोरडा पडतो, त्याला जखम होते, त्यावर काळसर पडदा चढतो. गळ्यातला पट्टा जोराने ओढला गेला किंवा भांडणात मान दाबली गेली, तर बुबूळ खोबणीतून बाहेर येण्याइतपत धोका असतो. म्हणून पगाला गळ्यात पट्टा न घालता छातीवरून जाणारा पट्टा घालावा. कुत्र्याला ४२ दात असतात. लांब तोंडाला ४२, आखूड तोंडालाही ४२; मग ते आडवे-तिरपे उगवतात आणि किडतात. नाकावरची ती गोजिरवाणी घडी म्हणजे ओल आणि घाण साचायची जागा. ती रोज पुसून कोरडी केली नाही तर तेथे जखम होऊन दुर्गंधी सुटते. आमच्याकडे हे काम ह्यांच्याकडे आहे आणि ते दाढी करण्याइतक्या निष्ठेने चालते. शेपटीच्या जिलबीचेही तसेच. जिलबी होते ती शेपटीचे मणके वाकडे असल्यामुळे. आणि तसे अर्धवट घडलेले मणके पुष्कळ पगांच्या पाठीतही असतात. वय झाले की काहींचे मागचे पाय लटपटू लागतात.

आता यातले प्रत्येक लक्षण वेगळे काढून पाहा. बसके नाक, टपोरे डोळे, चेहऱ्यावरच्या घड्या, शेपटीची जिलबी, घोरणे. हीच ना ती पाच कारणे, ज्यांसाठी आपण पग घेतो? यातला कुठला रोग बाहेरून येऊन त्याला चिकटलेला नाही. आपल्याला जे आवडले तेच वाढवत वाढवत आपण रोगापर्यंत नेले.

रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२२ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ब्रिटनमधले ४,३०८ पग आणि इतर २१,८३५ कुत्री यांच्या दवाखान्यांतल्या नोंदी तुलनेला घेतल्या होत्या. वर्षभरात एखादा तरी आजार होण्याचा संभव पगांत सुमारे दुप्पट निघाला. श्वसनमार्गाच्या अडथळ्याचा सुमारे ५४ पट, डोळ्याला जखम होण्याचा १३ पट, घडीतल्या त्वचारोगाचा ११ पट. आरोग्याच्या दृष्टीने पगाला आता सर्वसामान्य कुत्रा म्हणता येणार नाही, असे त्या संशोधकांनी स्पष्ट लिहिले. एक चांगली गोष्टही त्यांना आढळली: अंगावर धावून जाण्याचे प्रमाण पगांत कमी. ती मला नोंदी न पाहताही ठाऊक होती.

बाळकरामाच्या दुखण्यात आमचा स्वतःचा वाटाही होता, तो कबूल केला पाहिजे. पगाचे वजन साधारण साडेसहा ते आठ किलो असावे; आमचे चिरंजीव अकरा किलोंचे होते. पोळी, त्यावर तूप, तुपावर गूळ. सासूबाईंचा हात कोण धरणार? चरबी घशाभोवतीही साठते आणि मुळात अरुंद असलेली वाट आणखी आवळते. डॉक्टरांनी सांगितले, तीन किलो कमी करा, मग पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करू. सासूबाईंना मी हे कसे सांगावे या विचारात होते. पण त्यांनीच दुसऱ्या दिवशी तुपाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. "ह्यांचंही वजन उतरल्यावर दमा हलका झाला होता," एवढेच म्हणाल्या. पाच महिने लागले.

शस्त्रक्रियेत नाकपुड्यांची कड थोडी कापून त्या रुंद केल्या आणि टाळूचा लोंबता पडदा छाटला. भूल देण्याचीच भीती अधिक असते. भूल उतरताना अशा कुत्र्याचा घसा मिटण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टर श्वासनलिकेतली नळी शक्य तितक्या उशिरा काढतात. त्यांनी आम्हाला काचेतून पाहू दिले. म्हणाले, "दुसरे कुत्रे जरा शुद्धीवर आले की नळी चावायला लागते, खोकते, आम्हाला ती ताबडतोब काढावी लागते. पग काय करतात ते बघा."

बाळकराम जागा झाला होता. डोळे उघडे होते, डोके उचललेले होते, शेपटीची जिलबी एकदा हललीसुद्धा. आणि घशात नळी तशीच ठेवून तो शांत बसला होता. त्या नळीतून हवा विनासायास आत जात होती, बाहेर येत होती. जन्मल्यापासून बहुधा पहिल्यांदाच! ती नळी कोणी काढू नये अशा बेताने तो अगदी स्थिर बसला होता. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतर बाळकराम पुष्कळ सुधारला. पुरता बरा झाला नाही. आखूड हाड लांब करता येत नाही. उन्हाळ्यात त्याचे फिरणे पहाटे सहाच्या आत आटोपते, अकरानंतर तो बाहेर पडत नाही. पण जीभ जांभळी होत नाही. पाटावर मान मात्र अजून ठेवतो, बहुधा सवयीने.

आणि मग त्याच्यासाठी स्थळ आले.

पलीकडच्या गल्लीतले एक सद्गृहस्थ, सपत्नीक, पेढ्यांचा पुडा घेऊन. त्यांच्याकडे पगाची मादी होती, दीड वर्षाची, वंशावळीचा कागद असलेली. बोलणी अगदी लग्नाच्या बैठकीसारखी झाली. मुलगी शांत आहे, खाण्यापिण्याची तक्रार नाही. पिल्लांतले पहिले तुम्ही निवडायचे. आमची मुलगी दाराआडून माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहत होती की कोणाचाही निश्चय डळमळावा. मला काही बोलायचे धैर्य झाले नाही; विचार करून सांगते म्हटले.

आठ दिवस घरात दोन तट होते. मुलगी म्हणे, एक तरी पिल्लू. ह्यांचे म्हणणे, त्यांना नाही म्हटले तरी ते दुसरा नर शोधतीलच. मग आपण वाईटपणा का घ्या? हा युक्तिवाद चुकीचा आहे हे कळत होते, पण खोडता येत नव्हता. मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "नाक आम्ही कापून मोठे केले ते त्याच्यापुरते. पिल्लांना तो देणार ते जुनेच नाक. शिवाय पिल्लांची डोकी मोठी आणि आईची कमर अरुंद. पगाच्या मादीला पुष्कळदा पोट फाडूनच मोकळे करावे लागते." दुसरी वाट त्यांनी सांगितली. जर्मनीत काहीजण पगाचा टेरियरशी संकर करून तोंड पुन्हा लांब करू पाहत आहेत. नेदरलँड्समध्ये नाक कवटीच्या सुमारे एक तृतीयांशापेक्षा आखूड असलेल्या कुत्र्यांची पैदास करू नये असा नियम २०१९ पासून कडकपणे लावला जाऊ लागला. आपल्याकडे पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत. पण नाक किती लांब असावे हे त्यांत कुठे येते? ते घरच्या घरीच ठरवायचे.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले आणि नाही म्हणून सांगितले.

"पण मॅडम, आता तर त्याचं ऑपरेशन झालंय!" ते गृहस्थ म्हणाले. मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले, त्या नळीची हकीकतही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांची मादी कोपऱ्यात सोफ्याच्या कडेवर हनुवटी ठेवून झोपली होती आणि घोरत होती. ते हसून म्हणाले, "आमची तर अजिबात त्रास देत नाही हो. ही जातच अशी." मला पुढे काही बोलता आले नाही, माझेच वाक्य होते ते. त्या महिन्यात आम्ही बाळकरामाची नसबंदी करून घेतली. मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यांनी दुसरा नर शोधला. ह्यांचे म्हणणे खरे ठरले, आणि ते त्यांनी एकदाही बोलून दाखवले नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. चार पिल्ले झाली, पोट फाडून. त्यांतले एक जगले नाही. गेल्या डिसेंबरात ते गृहस्थ एक पिल्लू खिशातल्या रुमालासारखे हातात घेऊन आमच्याकडे आले. मनात काही नव्हते त्यांच्या. कौतुकाने दाखवायला आले होते. मुलीने ते छातीशी धरले, ह्यांनी धरले, बाळकरामाने चारही बाजूंनी हुंगले. मी त्याच्या नाकपुड्या पाहिल्या. तिळाएवढ्या दोन फटी.

सासूबाईंनी ते ओंजळीत घेतले आणि कानाशी नेले. बराच वेळ तसेच धरून ठेवले. मग ते त्या गृहस्थांच्या हातात परत दिले, आत गेल्या आणि माळ्यावरचा जुना छोटा पाट घेऊन आल्या.

"हा न्या," त्या म्हणाल्या. "याला लागेल."